फिट आलेला मोठा माणूस कॅज्युअल्टीत येतो तेव्हा (आणि चप्पल कुठे असते)

रात्रपाळीवाला

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्रच असतो, पण परवा शेजारच्या धाग्यावर कोणीतरी लिहिलं की फिट आली की कांदा फोडून हुंगवायचा आणि त्याखाली धडाधड +१ पडले, मग काही राहवेना. तालुक्याच्या गावी कॅज्युअल्टीत बारा वर्षं काढलीयेत, त्यातल्या बऱ्याच रात्री फिटच्या पेशंटसोबत गेल्यात, म्हणून लिहितोय. लहान मुलांच्या तापातल्या झटक्यांचा विषय वेगळा आहे, तो इथे नको. हे फक्त मोठ्या माणसांबद्दल.

सुरुवात एका आजोबांपासून करतो. आषाढी एकादशीची रात्र, बाहेर धो धो पाऊस, ओमनीतून चौघांनी साठीच्या एका गृहस्थांना उचलून आणलं. हातात घराच्या चाव्यांचा जुडगा कोंबलेला आणि पुतण्या त्यांच्या नाकाला चप्पल लावून पळतोय. आल्या आल्या ओरडा सुरू, "लकवा मारलाय डॉक्टर, मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी द्या." फिट दारातच थांबली होती पण उजवा हात लुळा पडलेला, बोलणं नाही, काही नाही. आता फिटनंतर तेवढा एक भाग काही तास लुळा पडू शकतो आणि ते हुबेहूब लकव्यासारखं दिसतं, त्यामुळे नातेवाइकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण सिस्टरनी तोवर शुगर बघायला बोटाला टोचलं होतं आणि मशीनवर आकडा आला फक्त २९. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोजची १०० मिलीची बाटली सोडली, पाचेक मिनिटांत आजोबांनी डोळे उघडले, उजवा हात उचलून तोंड पुसलं आणि पहिलं वाक्य काय, तर "माझी दुसरी चप्पल कुठाय?" एक पुतण्याच्या हातातच होती.

दिवसभर कडक उपास आणि शुगरची ग्लिमेपिराइड मात्र वेळेवर घेतलेली, कारण गोळी चुकवायची नाही असं सांगितलं होतं. बरं वाटतंय म्हणून ते लगेच घरी जायला निघाले होते, मी जाऊ दिलं नाही. ह्या गोळीचा असर तासन्तास राहतो, एक बाटली देऊन सोडलं की पहाटे परत तेच. आणि खरंच तीन वाजता शुगर परत ५८ वर आली.

म्हणून माझा नियम, फिटचा पेशंट आला की कुशीवर वळवणं, ऑक्सिजन, सक्शन (तोंडातली लाळ ओढून काढणं) आणि शुगरसाठी बोटाला सुई, हे सगळं हिस्ट्रीच्या आधी. दारू पिणारा किंवा उपाशी, खंगलेला माणूस असेल तर ग्लुकोजच्या सोबतीला थायमिन (बी१ व्हिटॅमिन).

दुसरी गोष्ट घड्याळाची. बहुतेक फिटा दोन-तीन मिनिटांत आपल्या आपण थांबतात (आणि श्रेय कांद्याला मिळतं). पाच मिनिटं झाली तरी चालूच असेल, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर तिला स्टेटस (न थांबणारी फिट) म्हणायचं आणि औषध द्यायचं. पूर्वी पुस्तकात ३० मिनिटं होती, आता तो हिशोब गेला. तीस मिनिटांना मेंदूचं नुकसान व्हायला लागतं, औषधाची वेळ पाचालाच.

तिसरी गोष्ट डोसची, आणि इथे माझंच पाप सांगतो. नोकरीला लागून वर्ष झालं नव्हतं, एक तिशीतली बाई आली, फिट थांबेना. लोराझेपाम (फिट थांबवायचं इंजेक्शन) हातात होतं पण मनात भीती, श्वास थांबला तर? म्हणून १ मिलिग्रॅम दिलं, वाट बघितली, परत १ दिलं, परत वाट बघितली, अशी चिमूट चिमूट करत वीस मिनिटं घालवली. शेवटी श्वासनळीत ट्यूब घालूनच पुढे पाठवावी लागली. वाचली ती, पण मला अजून आठवते. डोस असतो सरळ ४ मिलिग्रॅम शिरेतून, पाच-दहा मिनिटांत थांबली नाही तर अजून एकदा ४. २००१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲम्ब्युलन्समध्ये केलेला अभ्यास आहे, त्यात श्वासाचा त्रास औषध मिळालेल्यांपेक्षा न मिळालेल्यांना जास्त झाला, जवळजवळ दुप्पट. म्हणजे श्वास बंद पाडते ती न थांबलेली फिट. हे मला त्या रात्री माहीत असतं तर...

डोस लिहितोय ते ड्यूटीवरच्या लोकांसाठी. घरी कोणी सुया टोचायच्या नाहीत, कळलं ना?

सिस्टर_आठ_ते_आठ

सर एकदम बरोबर लिहिलंत. माझी एक भर. शीर मिळत नसली की आपण दोघी-तिघी हात धरून दहा मिनिटं शीरच शोधत बसतो आणि पेशंट तसाच झटके देतोय. त्यापेक्षा त्याच जातीचं मिडाझोलाम १० मिलिग्रॅम सरळ मांडीत द्यायचं (वजन ४० किलोच्या वर असेल तर). पण गंमत अशी की आमच्याकडे स्टोअरमधून जी बाटली येते ती १ मिलीत १ मिलिग्रॅमची, मग १० मिलिग्रॅम म्हणजे १० मिली, ते मांडीत कुठे मावणार! १ मिलीत ५ मिलिग्रॅमची अँप्युल वेगळी येते, ती मागवून ठेवायची, दोन फोडल्या की झालं. मी इंडेंटवर (मागणीच्या कागदावर) लाल पेनने लिहिते, तरी दोन वेळा चुकीची आली.

आणि लोराझेपाम फ्रीजमध्ये ठेवायचं असतं हे नवीन पोरींना माहीतच नसतं, ड्रॉवरमध्ये महिनोन्महिने पडलेलं असतं आणि मग म्हणतात असर नाही.

रात्रपाळीवाला

सिस्टर, हा अँप्युलचा मुद्दा मी लिहायलाच हवा होता, धन्यवाद. मांडीतल्या मिडाझोलामचा मोठा अभ्यास २०१२ चा आहे, रॅम्पार्ट नावाचा, ॲम्ब्युलन्समधल्याच पेशंटवर. दवाखान्यात पोचेपर्यंत फिट थांबलेले मांडीवाल्यांत ७३ टक्के आणि शिरेतून लोराझेपाम दिलेल्यांत ६३. शिरेतलं औषध वेगाने चढतं खरं, पण शीर सापडेपर्यंतचा वेळ खाल्ला जातो ना.

एकशेआठवर_स्वार

डॉक्टर मी १०८ वर आहे, बीएएमएस. आमची अडचण वेगळी असती. गाडी पोचायला वीस मिनिटं, तवर घरचे तोंडात चमचा घालून दोन दात पाडून बसलेले असतात. एकदा तर पाणी पाजत होते, पेशंट बेशुद्ध आणि मावशी तांब्या घेऊन उभी. मी फोनवरच सांगतो आता, कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ घाला, तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही आणि मोबाईलवर टाइम बघा. पण "किती वेळ झाला" विचारलं की कायम एकच उत्तर, अर्धा तास!

निवांत_पोपट

म्हणजे कांदा बाद का? आमच्या गावाला तर लोखंड हातात दिलं की फिट उतरते. मी स्वतः बघितलंय.

रात्रपाळीवाला

पोपटराव, दोन मिनिटांत जे आपोआप थांबणार आहे त्याच्या हातात तुम्ही दुसऱ्या मिनिटाला काहीही द्या, लोखंड द्या नाहीतर नारळ द्या, उतरणारच.

मीनाक्षी_सातारा

धागा वाचून रडूच आलं. माझ्या मिस्टरांना अकरा वर्षं फिटा आहेत, गोळ्या चालू आहेत, वर्षातून दोन-तीनदा येतेच. प्रत्येक वेळी आम्ही घाबरून दवाखान्यात नेतो आणि तिथे प्रत्येक वेळी सीटी. एका वर्षात तीन सीटी झाले हो, तिन्ही नॉर्मल. आणि मागच्या वेळी तर फिट संपल्यावर ते गोंधळलेले असतात ना, उठून चालायला लागले, तर तिथल्या माणसांनी बँडेजने हातपाय खाटेला बांधले. मनगटावर वळ आले होते. मी ओरडले तर म्हणे पेशंट व्हायोलंट आहे. ते आयुष्यात कोणाला अरे म्हणाले नाहीत.

रात्रपाळीवाला

ताई, वाईट वाटलं वाचून. फिटनंतर दहा मिनिटं ते अर्धा-एक तास माणूस आपल्यात नसतो, तेव्हा धरलं-बांधलं की तो सुटायची धडपड करणारच. शेजारी उभं राहायचं, हळू बोलायचं, जिन्याकडे जायला लागला तर वाट अडवायची, बास.

सीटीचं म्हणाल तर ओळखीची, नेहमीसारखीच फिट आली, गेली, माणूस पूर्ण भानावर आला, तर दर वेळी सीटीची गरज नसते. तिथे पहिला प्रश्न गोळीचा, चुकली का, उलटीत पडली का, कंपनी बदलली का, रात्रभर जागरण झालं का, दुसऱ्या कोणी अँटिबायोटिक वगैरे चालू केलं का. सीटी कधी, तर आयुष्यातली पहिलीच फिट असेल, डोक्याला मार लागला असेल, ताप आणि मान आखडलेली असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, कॅन्सर किंवा एचआयव्ही असेल, एक बाजू लुळी असेल किंवा तासाभराने पण माणूस जागा होत नसेल. ह्या शेवटच्याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते, कारण हातपाय हलायचे थांबले म्हणजे मेंदूतली फिट थांबलीच असं नाही. डोळा एका बाजूला ओढतोय, पापणी फडफडतेय, ओठाचा कोपरा उडतोय एवढंच दिसतं, आणि ती चालू असते. तिथे ईईजी (मेंदूतल्या करंटचा आलेख) लागतो. आमच्याकडे नाही, मग पाठवतो.

दवाखान्यात कधी आणायचं विचाराल तर पाच मिनिटांच्या वर गेली, एकामागून एक आली, श्वास नीट नाही, पाण्यात आली, पडून लागलं, बाई गरोदर आहे, शुगरचा पेशंट आहे, किंवा पहिलीच आहे. नाहीतर घरीच कुशीवर झोपू द्या.

दाईनव्हेडॉक्टर

गरोदरचा उल्लेख एका शब्दात उरकलात, निषेध! पाच महिन्यांच्या पुढची गरोदर बाई किंवा बाळंत होऊन सहा आठवडे न झालेली बाई फिट घेऊन आली की एक्लॅम्प्सिया (गरोदरपणातल्या वाढलेल्या बीपीची फिट) धरूनच चालायचं, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. तिला एप्टॉइन (फेनिटॉइन, फिटचं नेहमीचं औषध) नको, मॅग्नेशियम सल्फेट. ४ ग्रॅम शिरेतून हळूहळू आणि दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम. उपकेंद्रावर शिरेतून जमत नसेल तर निदान कुल्ल्यातले ते दोन देऊनच पुढे पाठवा, रिकाम्या हाताने नको. गुडघ्यावर ठोकलं की पाय उडतो का ते, श्वास आणि लघवी बघत राहायचं, उशाशी उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट. बाळंतपणानंतर पाचव्या दिवशी माहेरी गेलेली पोरगी "डोकं दुखतंय, डोळ्यापुढे अंधारी येतेय" म्हणते आणि सगळे म्हणतात वारं लागलं. बीपी बघा हो तिचं!

रात्रपाळीवाला

निषेध मान्य. वाचकहो, वरचा प्रतिसाद माझ्या लेखापेक्षा महत्त्वाचा आहे.

चष्मेबद्दूर_पुणे

लोराझेपामचे दोन्ही डोस देऊनही नाही थांबली तर पुढे काय? आमच्या काकांना एका ठिकाणी एप्टॉइनची दोन इंजेक्शनं दिली आणि म्हणाले औषधाला दाद देत नाही, पुढे न्या.

रात्रपाळीवाला

दोन इंजेक्शनं म्हणजे २०० मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला २० मिलिग्रॅम दर किलोला ह्या हिशोबाने १२०० लागतं, म्हणजे बारा अँप्युल. दाद कशाला देईल? लेव्हेटिरासिटामचंही तेच, ६० दर किलोला म्हणजे ३६०० मिलिग्रॅम, ५०० च्या सातहून थोड्या जास्त बाटल्या, आणि दिली जाते एक. फिटच्या बाबतीत आपण सगळेच औषध मिठासारखं चवीपुरतं टाकतो.

कोणतं द्यावं ह्यावर भांडायचं कारण उरलेलं नाही. २०१९ ला एसेट नावाचा अभ्यास आला, लेव्हेटिरासिटाम, फॉसफेनिटॉइन आणि व्हॅलप्रोएट तिघांना समोरासमोर लावलं आणि तिन्ही जवळपास सारखीच निघाली, साधारण निम्म्या पेशंटची थांबते. म्हणजे जे कपाटात आहे ते पूर्ण डोसने द्या. माझा कल लेव्हेटिरासिटामकडे, कारण दहा मिनिटांत जातं आणि बीपी पाडत नाही. व्हॅलप्रोएट तरुण बायकांना आणि लिव्हर खराब असलेल्यांना मी टाळतो. ह्यानेही नाही थांबली तर तिसऱ्या औषधाचे प्रयोग करत बसू नये, भूल, ट्यूब आणि आयसीयू.

सिस्टर_आठ_ते_आठ

एप्टॉइन डेक्स्ट्रोजमध्ये टाकू नका एवढं तरी लिहा सर. दुधासारखं पांढरं होतं आणि साका बसतो. साध्या एनएसमध्येच (मिठाच्या सलाईनमध्ये), आणि मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या वर नाही, मॉनिटर लावून. म्हणजे १२०० ला चोवीस मिनिटं. औषध शिरेबाहेर गेलं तर हात जांभळा पडतो, मी बघितलाय, कोपरापर्यंत.

शुद्धशाकाहारी_सदाशिव

माझ्या भाच्याला पहिलीच फिट आली, एमआरआयमध्ये डोक्यात किडा निघाला म्हणे. आम्ही पिढ्यान्पिढ्या शाकाहारी. कोबीतून किडा डोक्यात जातो हे खरं का? आम्ही तर कोबी बंदच केलाय.

रात्रपाळीवाला

कोबीचा काय दोष! हा डुकरातला पट्टकृमी. कच्चं-अर्धकच्चं डुकराचं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात तो वाढतो, त्याच्या शौचातून अंडी बाहेर पडतात आणि न धुतलेले हात, पाणी, कच्ची भाजी ह्यातून ती कुणाच्याही पोटात जातात. अंड्यातून निघालेली अळी मेंदूत जाऊन बसते. त्यामुळे मांस न खाणाऱ्यालाही होतो, रस्त्यावरच्या भेळेतली कोथिंबीर पुरते. आपल्या देशात मोठ्या माणसाला पहिली फिट आली की ही शक्यता डोक्यात ठेवावीच लागते. पण कॅज्युअल्टीत बसून कोणी अल्बेंडाझोल (जंताचं औषध) लिहून देऊ नये. अळी मरताना सूज वाढते, आधी स्टिरॉइडचं कव्हर लागतं, डोळ्यात नाही ना हे बघावं लागतं. ते न्यूरोवाल्यांचं काम, दोन दिवसांनी काही बिघडत नाही.

हाडवैद्य_नाशिक

फिटनंतर पेशंट "खांदा दुखतोय" म्हणाला तर दोन्ही बाजूंनी एक्सरे काढा. खांदा मागच्या बाजूला निखळतो आणि समोरच्या एक्सरेत बेमालूम लपतो. माझ्याकडे तीन आठवड्यांनी येतात असे.

लीड्सकर

इकडे इंग्लंडमध्ये नेहमीच्या पेशंटच्या घरी गालात सोडायचं मिडाझोलाम असतं, घरच्यांना शिकवून ठेवतात. भारतात नाकातला स्प्रे मिळतो ना? आणि गाडी चालवण्याचं काय? इथे पहिल्या फिटनंतर साधारण सहा महिने लायसन्स बंद, एपिलेप्सीचं निदान असेल तर फिटशिवाय एक वर्ष काढावं लागतं.

रात्रपाळीवाला

स्प्रे मिळतो, पण एका पफमध्ये किती मिलिग्रॅम ते बाटलीवर वाचा. अर्ध्या मिलिग्रॅमचेही येतात, मोठ्या माणसाला दोन पफ मारून काही होत नाही. किती मारायचे ते तुमच्या डॉक्टरांकडून बाटलीवरच लिहून घ्या. लायसन्सच्या फॉर्म एकमध्ये आपल्याकडे फिटचा प्रश्न सरळ विचारलेला आहे आणि सगळे सरळ "नाही" लिहितात. मी केसपेपरवर "वाहन, विहीर, उंची, चूल टाळा" असं मराठीत लिहून सही घेतो. मागे एक विहिरीवर मोटर चालू करायला एकटाच गेला होता, असो.

एकशेआठवर_स्वार

ड्राय डेच्या दुसऱ्या दिवशी जे येतात ते राहिलेच की. रोज क्वार्टर मारणारा माणूस पाय मोडून ॲडमिट होतो, दोन दिवस दारू नाही आणि वॉर्डातच फिट.

रात्रपाळीवाला

शेवटच्या पेगनंतर ६ ते ४८ तासांत येते ती. तिथे एप्टॉइनचा उपयोग नाही, लोराझेपाम किंवा डायझेपामच. पण "बेवडा आहे" म्हणून सोडून द्यायचं नाही, तोच पडून डोक्यात रक्तस्राव घेऊन आलेला असू शकतो. आणि टीबीच्या गोळ्यांचं पाकीट खाऊन आलेली पोरं, त्यांना आयएनएचची (त्यातल्या आयसोनियाझिडची) विषबाधा असते, नेहमीची औषधं चालत नाहीत, पायरिडॉक्सिन (बी६ व्हिटॅमिन) लागतं, तेही ग्रॅममध्ये. सोडियमही बघा, म्हाताऱ्या माणसांत लघवीच्या गोळ्यांनी ११० पर्यंत घसरलेलं असतं, तिथे तीन टक्के सलाईन.

अबोली_एकवीस

वेगळा प्रश्न आहे. माझ्या मैत्रिणीला फिटा येतात पण ईईजी नॉर्मल. कॅज्युअल्टीत तिला नाटक करते म्हणाले, चिमटे काढले, नाकाशी अमोनिया धरला. ती नाटक करत नाही, मला माहितीये.

रात्रपाळीवाला

नाहीच करत. डोळे घट्ट मिटलेले, मान डावी-उजवीकडे, कमी-जास्त होत वीस-वीस मिनिटं चाललेलं, असं असेल तर ती बहुधा मेंदूतल्या करंटची फिट नसते, पण म्हणून खोटी पण नसते. मुद्दाम करणं वेगळं आणि आपोआप होणं वेगळं. तिला चिमट्यांची गरज नाही तशी लोराझेपामच्या चार इंजेक्शनांचीही नाही, त्याने विनाकारण ट्यूब पडते. शांत खोली, कमी गर्दी, व्हिडिओ काढा आणि न्यूरो आणि मानसोपचार दोघांनाही दाखवा. काहींना दोन्ही प्रकारच्या येतात, म्हणून शिक्का मारायची घाई कोणीच करू नये. आणि ईसीजी राहिला का तिचा? मैदानात पळता पळता किंवा अचानक घाबरून पडणाऱ्या पोरांत हृदयाच्या ठोक्यांची गडबड असते, मेंदूला रक्त मिळालं नाही की दहा-पंधरा सेकंद झटके येतातच. पहिली फिट म्हणून आलेल्या प्रत्येकाचा ईसीजी मी काढतो.

मीनाक्षी_सातारा

डॉक्टर, परत आले. काल रात्री मिस्टरांना आली. मी मोबाईल काढून टाइम लावला, २ मिनिटं ४० सेकंद. एवढी वर्षं मला वाटायचं दहा मिनिटं तरी असेल. कुशीवर वळवलं, चष्मा काढला. सासूबाई कांदा घेऊन आल्या होत्या, म्हटलं आई तो सकाळच्या पोह्यांना ठेवा. दवाखान्यात नेलं नाही. पाऊण तासाने उठून पाणी प्यायले आणि झोपले.

रात्रपाळीवाला

उत्तम. गोळी चुकली होती का?

मीनाक्षी_सातारा

हो. पाकीट शनिवारी संपलं होतं, मेडिकलवाला म्हणाला सोमवारी येईल. त्यांनी मला सांगितलंच नाही.

रात्रपाळीवाला

दहा दिवसांच्या गोळ्या कायम वेगळ्या डब्यात काढून ठेवा, तांदळाच्या डब्याशेजारी, आणि ते पाकीट मोडायचं नाही. न्यूरोवाल्यांना फोन करून कालचा टाइम सांगा.